मानधन की वेठ?

‘गरज सरो आणि वैद्य मरो’ ही म्हण आमच्या वाडवडिलांनी कोणाला पाहून केली असेल ते असो. परंतु कोरोनाच्या साथीत खेड्यापाड्यांतील आशाताई व अंगणवाडीताई यांच्याशी सरकार आणि समाज या दोघांनी मिळून जे वर्तन केले ते पाहता, ही म्हण त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती असे म्हणावे लागते. साथ दाराशी होती तोवर या बायांना योद्ध्या म्हटले, त्यांच्या नावाने थाळ्या वाजविल्या. साथ ओसरली, तशा त्या पुन्हा होत्या तेथेच राहिल्या. पगार नाही, पेन्शन नाही आणि उद्या हे काम राहील की जाईल याचा भरवसा नाही. या अन्यायाविषयी आज चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कारण या बाया कोणी परक्या नव्हेत. त्या आमच्याच कुणब्यांच्या, कोकण्यांच्या, वारल्यांच्या, सुतार-लोहारांच्या घरच्या लेकी-सुना आहेत.

सुरगाणा तालुका नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या शिवेला लागून आहे. दर शंभर माणसांत नव्वदाहून अधिक आदिवासी. नार आणि पार या नद्यांची खोरी, डोंगरउतारावरची नागली, वरई व भात एवढाच येथला संसार. पावसाळा सरला की घरटी माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. गाव म्हणावे तर ते चार-सहा पाड्यांत विखुरलेले, आणि एका पाड्याहून दुसऱ्या पाड्यास जावयाचे तर मध्ये ओहोळ नाहीतर घाट. रस्ते, दवाखाने व पाणी यांची दशा अशी की, २०२२ सालच्या अखेरीस शिवेवरच्या गावांनी ‘आम्हांस गुजरातेत तरी घाला’ अशी मागणी केली होती. ज्या टापूत डॉक्टर टिकत नाही आणि गाडी पोहोचत नाही, तेथे सरकार या नावाची जी काही वस्तू दारापर्यंत येते ती या ताईच्याच रूपाने येते. बाळंतीणीला दवाखान्यात नेणारी ती, कुपोषित पोराचे वजन करणारी ती, क्षयाची गोळी खाल्ली की नाही हे पाहणारी ती, आणि भगताकडे निघालेल्या माणसाला समजावून दवाखान्याकडे वळविणारीही तीच.

आता साथीत या बायांनी काय केले ते पाहू. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली, ती ऐन द्राक्षांच्या हंगामात. बागांतली व शहरांतली माणसे मिळेल त्या वाटेने पाड्यांकडे परतू लागली. एप्रिलात याच जिल्ह्यात मालेगावी साथ भडकली. अशा वेळी कोण कोठून आला, कोणाला ताप आहे, कोणी घरातच राहावयाचे, याची नोंद ठेवण्याचे काम कोणाच्या माथी आले? मोटारीत बसणाऱ्या साहेबांच्या नव्हे. ते या बायांच्या माथी आले. पुरेसे मास्क नाहीत, सॅनिटायझर नाही. पदर तोंडाला बांधून त्या दारोदार फिरल्या. अंगणवाड्या बंद झाल्या, परंतु अंगणवाडीताईंचे काम बंद झाले नाही. पोरांचा व गरोदर बायांचा शिधा त्यांनी घरोघर पोहोचविला. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. एका पथकाने रोज पन्नास घरे करावीत असे ठरविण्यात आले. शहरातल्या चाळीत पन्नास घरे एका जिन्यात मिळतात. सुरगाण्यात त्यासाठी किती डोंगर चढावे-उतरावे लागतात, हे हिशेब मांडणाऱ्याने कधी चालून पाहिले होते काय? पुढे जानेवारी २०२१ मध्ये लस आली. आदिवासी पाड्यांत ‘लस टोचली की माणूस मरतो’ अशी अफवा पसरली, तेव्हा आधी स्वतःच्या दंडाला टोचून घेऊन ‘बघा, मी जिवंत आहे’ असे दाखविण्याची पाळीही ताईवरच आली.

हे झाले अंगमेहनतीचे. परंतु मनावर जो भार पडला त्याचे वजन कोणत्या तागडीत करावे? दिवसभर संशयित रोग्यांच्या दारांत उभे राहावयाचे आणि संध्याकाळी घरी तान्हे मूल मांडीवर घ्यावयाचे, तेव्हा त्या आईच्या जिवाची काय अवस्था होत असेल! ‘तू रोग घरात आणशील’ म्हणून सासरची माणसे काम सोड म्हणतात. काम सोडावे तर अधिकारी म्हणतात नाव कमी करू. नाव कमी झाले की वर्षानुवर्षांची सेवा पाण्यात. एकीकडे गावकरी तोंड फिरवितात, दुसरीकडे वरून फोनावर फोन येतात: आकडे कोठे आहेत, अहवाल का नाही? मोबाईलला रेंज नाही म्हणून टेकडीवर जावे, तेथून अहवाल धाडावा, आणि फोनाचा खर्चही आपल्याच पदरचा सोसावा. मध्यरात्री कळा आल्या तर दार ठोठावले जाते ते हिचेच; पहाटे कोणी दगावला तर पहिला प्रश्न विचारला जातो तोही हिलाच. दोन दगडांच्या मध्ये दाणा भरडला जातो तसा या बायांचा जीव त्या दोन सालांत भरडला गेला. झोप उडणे, छातीत धडधडणे, उगाच रडू येणे यांस कोणी आजार मानीत नाही; पण ती दुखणी खरी आहेत आणि भीतीच्या पोटी ती जन्मतात. साथीची भीती साथीबरोबर गेली. ‘काम राहील का?’ ही भीती मात्र अजून गेलेली नाही.

आणि या सर्वांचा मोबदला किती? वाचकांनी कान देऊन ऐकावे. साथीच्या जादा कामासाठी केंद्र सरकारने आशाताईस महिना १००० रुपये ठरविले. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. त्याच वेळी सरकारने ५० लाख रुपयांचा विमाही जाहीर केला. पण तो केव्हा मिळावयाचा, तर साथीच्या कामात मृत्यू आल्यावर. आजारी पडून महिनाभर घरी बसली तर त्या विम्यातून काही नाही. मेली तर पन्नास लाख आणि जगली तर रोजचे तेहतीस रुपये! आमच्या खेड्यातला सावकारदेखील जित्या माणसाची किंमत इतकी कमी धरीत नसेल. नेहमीच्या कामाचे भावही पाहा. नवजात बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जावे, त्याचे वजन करावे, ताप पाहावा, आईस समजावावे, तर मिळतात २५० रुपये. फेरीला चाळीस-बेचाळीस रुपये पडले. बांधावर गवत कापणाऱ्या बाईला याहून अधिक मजुरी पडते. बरे, हे पैसे तरी वेळेवर मिळतात काय? कागद वर गेला, मंजुरी आली नाही, निधी आला नाही, या तीन कारणांवर महिन्यामागून महिने निघून जातात.

कोणी म्हणेल, ‘सरकार एवढे अन्यायी कसे असेल? काही कायदा असेलच.’ कायदा आहे, परंतु कायद्याच्या दाराशी शब्दांची एक मेख मारून ठेविली आहे. आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात निघाली. महाराष्ट्रात ती आदिवासी टापूंतून सुरू होऊन पुढे साऱ्या जिल्ह्यांत पसरली. अंगणवाडी तर २ ऑक्टोबर १९७५ पासूनची. परंतु आशाताईला सरकार ‘कामगार’ म्हणत नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणते. अंगणवाडीताईला ‘पगार’ देत नाही, ‘मानधन’ देते. स्वयंसेविका म्हटले की किमान वेतन लागू नाही; मानधन म्हटले की फंड नाही, पेन्शन नाही. एका शब्दाच्या आड लाखो बायांची मजुरी दडविता येते, ही विद्या आमच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या समाजाने नीट ओळखली पाहिजे. जी बाई मनास येईल तेव्हा काम करते आणि मनास येईल तेव्हा घरी बसते ती स्वयंसेविका. जिला रोजची हजेरी आहे, अहवाल आहे, वरिष्ठ आहे, चुकल्यास कमी करण्याची धमकी आहे, ती स्वयंसेविका कशी? ताबेदारी नोकराची आणि हक्क पाहुण्याचे, हा कोठला न्याय?

आमच्या वाचकांत सुतार आहेत, लोहार आहेत, कुंभार, चांभार, न्हावी, परीट आहेत. त्यांच्या आज्या-पणज्यांना ही रीत ठाऊक होती. तिचे नाव बलुते. वर्षभर गावाची नांगर-वखर करावीत, मोट शिवावी, आणि खळ्यावर हात पसरून उभे राहावे. पाटलाने दिली तर पेंढी, नाही दिली तर बोलणी. दुष्काळ पडला की बलुते निम्मे होई, काम मात्र निम्मे होत नसे. महार वतनाची गोष्ट तर त्याहून कठोर. चोवीस तास सरकारची व गावाची चाकरी, आणि मोबदल्यात तुटपुंजे इनाम व भाकरतुकडा. या वतनाच्या जोखडातून सोडविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले, आणि ती वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली. गावकीची वेठ गेली म्हणून आम्ही आनंद मानला. पण पाहतो तो तीच वेठ नवी साडी नेसून आरोग्यखात्याच्या नि बालविकासखात्याच्या ओसरीवर उभी! फरक इतकाच की, बलुतेदाराचे बलुते निदान गाव त्याचा हक्क म्हणून मानीत असे. आशाताईचा मोबदला हा हक्क आहे असे म्हणावयासही सरकार तयार नाही.

साथ आणि कामकऱ्यांचे हक्क या दोन्ही गोष्टी आमच्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. १८९७ सालच्या प्लेगात रोग्यांची सेवा करिता करिता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च रोजी देह ठेविला. त्याच प्लेगात फेब्रुवारी महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे गेले. हे तेच लोखंडे, ज्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांची पहिली संस्था उभी केली आणि ज्यांच्या खटपटीने १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. त्या सुटीसाठी भरलेल्या सभेत दोघी कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली होती. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालावयाचा आणि सावित्रीबाईंचेच काम करणाऱ्या बाईला तेहतीस रुपये द्यावयाचे, याला कोणी आदर म्हणत असेल तर म्हणो. आम्ही त्यास ढोंग म्हणतो. गिरणीतल्या बायांना १८९० साली जो रविवार मिळाला, तो सुरगाण्याच्या डोंगरात चालणाऱ्या ताईस आजही हक्काने मिळत नाही.

‘सरकारजवळ पैसा कोठे आहे?’ असा एक आक्षेप नेहमी पुढे येतो. पैसा नाही हे खरे मानले, तर तो नेमका या बायांच्याच वेळी कसा संपतो? साहेबांचे पगार पहिल्या तारखेस होतात, तेव्हा तिजोरी भरलेली असते. ताईच्या वेळीच तिला कुलूप लागते. दुसरा आक्षेप असा की, ‘या बाया शिकलेल्या कितीशा? त्यांनी पगार कशाचा मागावा?’ हा आक्षेप ऐकून आम्हांस हसू येत नाही, चीड येते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लेकींना शाळेबाहेर ठेविले, त्यांनीच आता त्यांच्या अल्पशिक्षणाची सबब सांगावी! आणि जागतिक आरोग्य संघटनेला मात्र या अल्पशिक्षित बायांचे मोल कळले. २२ मे २०२२ रोजी तिने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशाताईंचा मानाच्या पुरस्काराने गौरव केला. जगाने पाठ थोपटली; घरच्या धन्याने मजुरी थकविली.

या बायांस आजवर जे थोडेफार मिळाले ते कोणाच्या दयेने नव्हे, तर एकीच्या बळाने मिळाले. साथ अजून सरली नव्हती तेव्हा, १५ जून २०२१ रोजी, महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशाताई व त्यांच्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. थोड्याच दिवसांत सरकारला नमावे लागले. आशाताईंना महिना १००० रुपये वाढ व ५०० रुपये कोविड भत्ता कबूल झाला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अंगणवाडीताईंनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत करून टाकले. कारण यंत्र अडे, आणि त्यातील नोंदी इंग्रजीत भराव्या लागत. त्यांनी विचारले, ‘काम मराठीत करून घेता, मग नोंद इंग्रजीत का?’ हा प्रश्न साऱ्या बहुजनसमाजाचा प्रश्न आहे. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुरगाण्याच्या शेजारच्याच गुजरात राज्यातील दाहोद जिल्ह्यातून आलेल्या खटल्यात, अंगणवाडीताई व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निकाल दिला. मानधन हा शब्द घालून हक्क बुडविता येत नाही, हे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायासनाने सांगितले. तरीही त्या ग्रॅच्युइटीसह आपल्या मागण्यांसाठी महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंना ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासांहून अधिक दिवस संप करावा लागला, आणि त्या संपात कामावरून काढण्याच्या नोटिसाही सोसाव्या लागल्या. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. निकाल कागदावर राहतो. तो पदरात पाडून घेण्यास पाय झिजवावेच लागतात.

आता आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस दोन शब्द. सरकारला दोष देणे सोपे आहे; पण साथीत या ताईला पाड्याच्या वेशीवर अडविणारे, तिला शिव्या देणारे, तिच्या पोरांना आपल्या पोरांत खेळू न देणारे कोण होते? ते आपणच होतो. पुन्हा साथ येणार नाही असे कोणी समजू नये. साथ ही पाहुण्यासारखी न सांगता येते. त्या वेळी आपल्या दाराशी कोण उभी राहणार, याचा विचार आजच करा. सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि गावात काम करणाऱ्या सामाजिक खात्यांवर व त्यांच्या नोकरांवर देखरेख करण्याची सत्ता त्या कायद्याने ग्रामसभेस दिली आहे. ही सत्ता ताईला धारेवर धरण्यासाठी वापरू नका. ताईच्या बाजूने वापरा. प्रत्येक ग्रामसभेत विचारा: आमच्या ताईचे किती महिन्यांचे पैसे थकले आहेत, आणि ते का थकले? उत्तर लेखी मागा, ठराव करा, तो तहसीलला व जिल्हा परिषदेला धाडा. मार्च २०१८ मध्ये या डोंगरांतली माणसे वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत अनवाणी, पायाला फोड येईतो चालत गेली. जमिनीसाठी जे पाय चालले, त्यांना आपल्या लेकीसुनांच्या मजुरीसाठी तहसील कचेरीपर्यंत जाणे अवघड वाटू नये.

आणि ताईंना आमचे सांगणे एवढेच की, आपले काम धर्मादाय आहे असे मनात आणू नका. घरोघर गेलेल्या प्रत्येक फेरीची, प्रत्येक बाळंतीणीची, थकलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद आपल्या वहीत ठेवा. लिहिलेले वाया जात नाही. एकट्या राहू नका, संघटनेत या. आशा व अंगणवाडी असा भेद करू नका, कारण दोघींना बांधणारी दोरी एकच आहे. आणि जीव घाबरा होतो, झोप लागत नाही, तर ते लपवू नका. त्यात लाज कसली? नांगराचा बैलही दमला की शेतकरी त्यास सावलीत बांधतो.

सरकारपाशी आमच्या मागण्या मोजक्या आहेत. ‘स्वयंसेविका’ व ‘मानधन’ हे शब्द टाकून या बायांस कामगार म्हणावे व किमान वेतनाहून कमी नाही असा पगार दर महिन्याच्या ठरल्या तारखेस द्यावा. चौकशीवाचून कोणासही कामावरून काढू नये, आणि संप केला म्हणून तर कदापि नाही. आजारपणाची रजा, फंड, ग्रॅच्युइटी व म्हातारपणी पेन्शन द्यावी. पुन्हा साथ आलीच, तर मास्क, औषध, वाहन व विमा हे सर्व आधी ताईच्या हातात ठेवावे आणि मग तिला दारोदार धाडावे. विमा केवळ मरणाचा नको, आजाराचाही असावा. साऱ्या नोंदी मराठीत असाव्यात. यात भीक एकही नाही. जे काम करून घेतले त्याचे हे दाम आहे.

थाळ्या वाजविणाऱ्यांची हौस भागली, थाळ्या घासून फडताळात गेल्या. परंतु सुरगाण्याच्या कोणत्याही पाड्यावर आजही पोटुशी बाई आहे, तापाने फणफणलेले मूल आहे, आणि त्यांच्या दाराकडे उन्हापावसात चालत निघालेली एक ताई आहे. तिची मजुरी जोवर चुकती होत नाही, तोवर हे ऋण सरकारच्या आणि आपल्या सर्वांच्या खाती बाकी आहे, एवढे आमच्या वाचकांनी विसरू नये.